कुत्रा आणि मांजर इंदूरहून म्युनिकला न्यायचंय: चिप, रेबीज लस आणि रक्ततपासणी कोणत्या क्रमाने?

सुदामानगर_इंदूर (५ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त सहकुटुंब म्युनिकला जायचं ठरलंय. १ फेब्रुवारीची तिकिटं बघतोय, अजून काढलेली नाहीत. सोबत दोन जीव आहेत:

कुत्रा: लॅब्रॅडोर मिश्र, ३ वर्षांचा, २४ किलो. रेबीजची लस दरवर्षी वेळेवर दिली आहे, शेवटची १२ जूनला. चिप नाही.
मांजर: देशी, २ वर्षांची, ४ किलो. ट्रायकॅट (मांजरांची तीन आजारांवरची एकत्र लस) झालंय, रेबीजची लस कधीच दिलेली नाही. चिप नाही. घराबाहेर जात नाही.

विचारायचं असं: कुत्र्याची जूनची लस चालेल ना? रक्ताची तपासणी नक्की कधी करायची? सरकारी प्रमाणपत्र इंदूरला मिळतं का? आणि फेब्रुवारी जमेल का?

---

महूरोड_पशुवैद्य

फेब्रुवारी जमेल, पण १ तारीख जमणार नाही. तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. कारण सांगतो.

युरोपीय संघाच्या हिशेबात चिप (त्वचेखाली बसवायची, ओळखीचा आकडा असलेली मायक्रोचिप) ही सुरुवात आहे. चिपच्या आधी दिलेली रेबीज लस त्यांच्या लेखी दिलेलीच नसते, कारण ती याच जनावराला टोचली याचा पुरावा नाही. म्हणून तुमची जूनची लस कुत्र्याला उपयोगी आहे, कागदाला नाही. आता चिप बसवायची आणि त्याच दिवशी, चिपनंतर, पुन्हा रेबीजची लस द्यायची. जूननंतर चारच महिन्यांत पुन्हा दिली म्हणून निरोगी कुत्र्याला काही होत नाही. ही नवी लस कागदावर 'पहिली' लस म्हणून धरली जाते.

मग हिशेब असा:

१० ऑक्टोबर: चिप, लगेच रेबीज लस, दोघांनाही.
किमान ३० दिवसांनी, म्हणजे ९ नोव्हेंबरपासून पुढे: रेबीजविरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) मोजण्यासाठी रक्त. १२ नोव्हेंबर धरू.
रक्त काढल्याच्या तारखेपासून पूर्ण ३ महिने: १२ फेब्रुवारी.
त्यानंतरच युरोपात प्रवेश.

आठवडाभराची मोकळीक ठेवून २० फेब्रुवारीच्या आसपासचं विमान धरा. हे तीन महिने प्रयोगशाळेचा अहवाल आल्यापासून मोजायचे नाहीत, रक्त काढल्यापासून मोजायचे. तो अवधी कशासाठी, हेही समजून घ्या. लस देण्याआधीच जनावराला संसर्ग झाला असेल तर लसीमुळे प्रतिद्रव्यं दिसतील, पण आजार आत वाढतच राहील. तीन महिन्यांत तो बहुतेक वेळा उघड होतो. भारतात रेबीज भरपूर आहे म्हणून आपल्याला ही तपासणी आणि हा अवधी दोन्ही लागू आहेत. अमेरिका, जपानसारख्या त्यांच्या यादीतल्या देशांतून येणाऱ्यांना लागत नाहीत.

चिप १५ अंकी, आयएसओ ११७८४/११७८५ मानकाचीच हवी. बसवण्याआधी पाकिटावरचा आकडा आणि स्कॅनरवरचा आकडा ताडून बघा; बसवल्यावर पुन्हा स्कॅन. त्वचेखालून बाहेर पडलेली चिप घरी गेल्यावर सापडणं ही काल्पनिक भीती नाही, सुई काढताना जागा दाबून धरली नाही तर तसं होतं. जागा दोन खांद्यांच्या मध्ये किंवा मानेच्या डाव्या बाजूला. पुढे रक्त काढताना, प्रमाणपत्र करताना, दर वेळी आधी स्कॅन करायला सांगा.

लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचं स्टिकर चिकटवून घ्या. उत्पादकाचं नाव, लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, वैधता कधीपर्यंत, डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक, शेजारी चिपचा आकडा. शिबिरात मिळालेल्या कार्डावर यातलं अर्धं नसतं. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली असावी. ज्या दुकानात फ्रीज रात्री बंद करतात तिथून आणलेली लस तपासणीत नापास करवते, आणि ते कळतं दोन महिन्यांनी.

आता रक्त. लागतो तो सीरम, किमान १ मिलि तरी पाठवावा. त्यासाठी कुत्र्याचं ३ ते ५ मिलि रक्त साध्या लाल झाकणाच्या नळीत घेतात, गोठू देतात, सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळा काढतात. घाईत किंवा अगदी बारीक सुईने ओढून काढलं की रक्तपेशी फुटतात, सीरम लालसर होतो आणि प्रयोगशाळा तो परत पाठवते. मांजरीचं रक्त काढणारा हात सरावाचा हवा, मानेच्या शिरेतून काढणं सोपं पडतं. नळीवर नावापेक्षा चिपचा आकडा महत्त्वाचा.

निकाल ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलि किंवा जास्त आला पाहिजे. तपासणी युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच झाली पाहिजे. यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते, ती स्वतः बघा, 'आमची लॅब चालते' एवढ्यावर विसंबू नका. सीरम सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा, म्हणजे शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहत नाही.

एकदा पास झालेला निकाल आयुष्यभर चालतो, पण एका अटीवर: पुढची प्रत्येक रेबीज लस आधीची वैधता संपण्याच्या आत. एक दिवस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून लस, रक्त आणि तीन महिने.

---

सुदामानगर_इंदूर

डॉक्टर, मनापासून आभार. नापास झालं तर? आणि मांजरीची ही आयुष्यातली पहिलीच लस, तर दोन डोस द्यावेत का?

---

महूरोड_पशुवैद्य

नापास झालं तर पुन्हा लस, पुन्हा ३० दिवस, पुन्हा रक्त आणि तिथून नवे तीन महिने. अहवालाला दोन-तीन आठवडे जातात, म्हणजे नापास झाल्याचं डिसेंबरच्या सुरुवातीला कळेल आणि प्रवास एप्रिलवर जाईल. एप्रिलमध्ये इंदूर-मुंबईचं ऊन आणि विमान कंपन्यांचे उन्हाळी निर्बंध, दोन्ही आडवे येतात.

दोन डोस नियमात नाहीत. पण आयुष्यात पहिल्यांदाच लस घेणाऱ्या जनावरात, विशेषतः वर्षाच्या आतल्या कुत्र्यात, एका डोसवर ०.५ न गाठण्याचं प्रमाण जास्त असतं. तिथे तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस देणं शहाणपणाचं. तुमच्या कुत्र्याच्या शरीराला रेबीजची लस ओळखीची आहे, नव्या डोसवर त्याची प्रतिद्रव्यं झपाट्याने वाढतील. त्याला एक पुरे. मांजरी या लसीला सहसा कुत्र्यांपेक्षा चांगला प्रतिसाद देतात. दुसरा डोस दिला तर रक्त त्यानंतर ३० दिवसांनी काढणं सुरक्षित, म्हणजे सगळं तीनेक आठवडे पुढे सरकेल. माझं मत: मांजरीलाही एकच द्या, मात्र रक्त ३० ते ४० दिवसांच्या दरम्यान काढा. प्रतिद्रव्यं साधारण चौथ्या-पाचव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतात, मग उतरू लागतात. 'सवडीने काढू' म्हणून तीन महिन्यांनी काढलेलं रक्त हे नापास होण्याचं मोठं कारण आहे.

---

कागदपत्र_म्युनिक

डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू नीट सांगितली आहे. कागदांबद्दल मी लिहितो, कारण विमानतळावर अडतं ते बहुतेक कागदामुळे.

इंदूरला सरकारी निर्यात प्रमाणपत्र मिळत नाही. ते देतं केंद्र सरकारचं पशु संगरोध आणि प्रमाणन केंद्र, सगळे एक्यूसीएस म्हणतात. केंद्रं सहा ठिकाणी: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. तुम्हाला मुंबई किंवा दिल्ली, ज्या शहरातून विमान पकडाल ते. दोन्ही प्राणी तिथे प्रत्यक्ष न्यावे लागतात. वेळ आधी ठरवून घ्या.

सोबत न्यायचं: पासपोर्ट, तिकीट, लसीची पुस्तिका, चिपचं प्रमाणपत्र, रक्ततपासणीचा मूळ अहवाल, खाजगी डॉक्टरांचं 'प्रवासास योग्य' असं ताजं प्रमाणपत्र, प्राण्यांचे फोटो आणि सगळ्याच्या दोन-दोन प्रती.

युरोपीय संघाचं स्वतःचं ठरावीक नमुन्याचं आरोग्य प्रमाणपत्र असतं. भारताचं साधं निर्यात प्रमाणपत्र त्याच्या जागी चालत नाही. हा नमुना इंग्रजीत आणि ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्या भाषेत हवा. म्युनिकला थेट उतरलात तर जर्मन-इंग्रजी; पॅरिसला विमान बदललंत तर फ्रेंच-इंग्रजी. तिकीट बदललं की नमुना बदलतो, हे लोक विसरतात. प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांत युरोपात प्रवेश व्हायला हवा. म्हणून २० फेब्रुवारीचं विमान असेल तर एक्यूसीएसची वेळ १६ ते १८ च्या दरम्यान घ्या, त्याआधी नको.

हातात पडल्यावर तिथल्या तिथे तपासा:

चिपचा आकडा पुस्तिकेत, अहवालात आणि प्रमाणपत्रात अंक न अंक सारखा आहे का. दोन अंकांची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि अहवालातली दुरुस्ती प्रयोगशाळेकडूनच करून आणावी लागते. म्हणून अहवाल आला त्याच दिवशी तो वाचा, फेब्रुवारीत नाही.

चिप बसवल्याची तारीख लसीच्या तारखेच्या नंतरची पडलेली नाही ना.

लसीची वैधता 'पासून-पर्यंत' दोन्ही भरल्या आहेत ना. पहिल्या लसीला 'पासून' म्हणजे लसीनंतर २१ दिवस.

लागू नसलेली वाक्यं खोडून त्यापुढे सही-शिक्का आहे ना. सही छापील मजकुराच्या रंगाची नको, निळ्या शाईने घ्या. शिक्का प्रत्येक पानावर.

शिवाय मालकाने सही करायचं एक घोषणापत्र जोडलेलं असतं: हा प्राणी विक्रीसाठी नाही आणि माझ्या प्रवासाच्या आगेमागे ५ दिवसांच्या आतच प्रवास करतोय. प्राणी पाचपेक्षा जास्त असतील किंवा हे पाच दिवस ओलांडले तर तुम्ही घरगुती पाळीव प्राण्याच्या सवलतीतून बाहेर पडता आणि व्यापारी आयातीचे नियम लागतात, ते बरेच कडक आहेत. कुटुंब आधी, कुत्रा महिन्याभराने कार्गोने, हा बेत याच कारणाने फसतो.

जातीबद्दल एक गोष्ट. पिट बुल टेरियर, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर, तसंच त्यांचे संकर जर्मनीत आणायला बंदी आहे. बव्हेरियाची यादी त्याहून वेगळी आणि लांब आहे. रॉटवायलरही तिच्यात आहे, त्याला स्वभावाची तपासणी करून दाखला घ्यावा लागतो. तुमचा लॅब्रॅडोर मिश्र आहे, अडचण नाही. फक्त सगळ्या कागदांवर जात एकसारखी लिहा. एका ठिकाणी 'लॅब्रॅडोर', दुसरीकडे 'देशी', तिसरीकडे 'मिश्र' असं नको.

पोहोचल्यावर कुत्र्याची महापालिकेत नोंद करून श्वानकर भरावा लागतो. मांजरीला कर नाही.

---

पेटीचं_माप

मांजर ४ किलोची, म्हणजे मऊ पिशवीसकट बहुतेक कंपन्यांच्या ८ किलोच्या मर्यादेत बसेल आणि केबिनमध्ये तुमच्या पायाशी येईल. पण एका विमानात केबिनमध्ये मोजकेच प्राणी घेतात. म्हणून आधी फोन करून प्राण्याची जागा पक्की करा, मग माणसांची तिकिटं काढा. उलटं करू नका.

कुत्रा विमानाच्या पोटात जाणार, म्हणजे सामानाच्या तापमान-नियंत्रित भागात. त्याची पेटी आयाटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमाची हवी. मापं उभ्या कुत्र्याची घ्या:

अ: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत
आ: जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत
इ: खांद्यांची रुंदी
ई: जमिनीपासून डोक्यापर्यंत, कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत

आतली लांबी = अ अधिक आ चा निम्मा. रुंदी = इ ची दुप्पट. उंची = ई अधिक अंथरुणाची जाडी.

समजा अ ६८, आ ३२, इ १९, ई ६० सेंमी. तर लांबी ८४, रुंदी ३८, उंची ६० आणि वर अंथरुणाचे २-३ सेंमी. ही आतली मापं आहेत. दुकानदार बाहेरची सांगतो. आणि दुकानातला 'एल' किंवा 'एक्सएल' शिक्का काहीच सांगत नाही, टेप घेऊनच जा. कुत्र्याला आत सरळ उभं राहता, वळता आणि पाय सोडून झोपता आलं पाहिजे. काउंटरवर डोकं छताला टेकताना दिसलं तर कुत्रा चढवत नाहीत, आणि तेव्हा रात्री दोन वाजता मुंबईत दुसरी पेटी मिळत नाही.

पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर अशा चपट्या नाकाच्यांना १० टक्के मोठी पेटी लागते. बऱ्याच कंपन्या त्यांना घेतच नाहीत, कारण उष्णतेत त्यांना धाप लागून श्वास कोंडतो.

पेटीचे दोन भाग प्लास्टिकच्या क्लिपांनी जोडलेले असतील तर क्लिपा काढून धातूचे नट-बोल्ट बसवा. हवेची भोकं चारही बाजूंना. चाकं काढून टाका. दारावर आतल्या बाजूने दोन वाट्या, बाहेरून दार न उघडता पाणी ओतता येईल अशा. तळाशी पाणी शोषणारं पॅड, त्यावर घरातली जुनी चादर, गवत-पेंढा नको. बाहेर 'जिवंत प्राणी'चं लेबल आणि वर दाखवणारे बाण. नाव, फोन आणि चिपचा आकडा पेटीवर चिकटवा, कागदांच्या प्रती पाकिटात घालून वर टेपने लावा.

गुंगीचं औषध अजिबात देऊ नका. त्याने रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि हवेत असताना बघायला कुणी नसतं. कंपन्याही गुंगीत असलेलं जनावर नाकारतात. त्याऐवजी पेटी आत्ताच आणून घरात उघडी ठेवा. आधी जेवण आत, मग दार दोन मिनिटं बंद, मग अर्धा तास, मग रात्रभर. ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरपूर वेळ आहे. दिवाळीच्या फटाक्यांच्या रात्री मात्र दार बंद करू नका, नाहीतर पेटी आणि भीती यांची कायमची गाठ बसते.

---

रामबाग_ते_लंडन

याच धाग्यात विचारते. आम्ही लंडनला जातोय, एक बीगल. क्रम हाच का?

---

महूरोड_पशुवैद्य

ताई, चिप, लस, ३० दिवसांनी रक्त आणि तीन महिने, इथपर्यंत हाच. दोन फरक आहेत.

पहिला, कुत्र्याला फीतकृमीचं औषध. त्यात प्राझिक्वांटेल हवं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं, पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या मध्ये. प्रमाणपत्रात तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्यायची. २४ तास विमान सुटण्यापासून नाही, उतरण्यापासून मागे मोजायचे. आयर्लंड, फिनलंड, माल्टा, नॉर्वे यांनाही हे लागतं. जर्मनीला नाही, मांजरींनाही नाही.

दुसरा, ब्रिटनमध्ये विमानाने येणारा पाळीव प्राणी कार्गो म्हणूनच येतो, केबिन नाही आणि सोबतचं सामान म्हणूनही नाही; अपवाद फक्त प्रशिक्षित सहायक कुत्र्यांचा. त्यामुळे मान्यताप्राप्त मार्गावरची कंपनी आणि कार्गो एजंट लागतो, खर्चही वाढतो. एजंट नेमला तरी चिप आणि तारखा स्वतः तपासा.

कुणी अमेरिकेसाठी वाचत असेल तर: १ ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचा कुत्रा तिथे जातच नाही. भारत त्यांच्या कुत्र्यांच्या रेबीजच्या उच्च-धोका यादीत आहे. भारतात लस झालेल्या कुत्र्याला चिप, सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा) ऑनलाइन अर्ज, सरकारी डॉक्टरांनी प्रमाणित केलेला लस-चिपचा अर्ज, सीडीसीमान्य प्रयोगशाळेचा अहवाल आणि उतरण्याच्या विमानतळावरच्या नोंदणीकृत केंद्रात आरक्षण, एवढं सगळं लागतं. रक्त पहिल्या लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि पोहोचण्याआधी किमान २८ दिवस. अहवाल नसेल तर २८ दिवस विलगीकरण, खर्च मालकाचा. अशी केंद्रं मोजक्याच विमानतळांवर आहेत, तेव्हा आधी विमानतळ निवडा.

ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेता येत नाही, मधल्या मान्य देशात राहून सगळी तयारी तिथून करावी लागते.

---

सुदामानगर_इंदूर

सगळं टिपून घेतलं. शेवटचं विचारतो, इंदूरहून मुंबईला रेल्वे की गाडी? रेल्वेत दोघं एकत्र येतील का?

---

पेटीचं_माप

रेल्वेत कुत्रा सोबत हवा असेल तर फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे तुमच्याच नावावर लागतो, आणि कूपे मिळाला की नाही हे तक्ता लागल्यावर कळतं. नाही मिळाला तर कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या खोक्यात जावं लागेल. ते मला बिलकूल पसंत नाही: अंधार, आवाज, आणि पाणी द्यायला तुम्ही जवळ नाही. एक्यूसीएसची वेळ ठरलेली असताना असा जुगार नको.

गाडीने जा. सेंधवा, धुळे, नाशिक असा जवळपास सहाशे किलोमीटरचा रस्ता आहे. थांबत गेलात तर बारा तास धरा. कुत्रा त्याच्या पेटीतच बसवा, तेवढाच सराव. मांजर तिच्या पिशवीत, गाडी थांबल्यावरही चेन उघडायची नाही. ढाब्यावर दार उघडताच मांजर निसटली की शोधणं फार कठीण. तीन-चार तासांनी थांबा, कुत्र्याला पट्ट्यावर फिरवा, पाणी द्या. सकाळी खाणं हलकं. एक्यूसीएसच्या वेळेच्या आदल्या दिवशी मुंबईत पोहोचा, आणि प्राणी चालणारं मुक्कामाचं ठिकाण आत्ताच फोन करून ठरवा.

विमानाच्या दिवशी शेवटचं खाणं सुटण्याआधी पाच-सहा तास, तेही निम्मं. पाणी मात्र पेटी ताब्यात देईपर्यंत.

---

महूरोड_पशुवैद्य

यात एक भर. १० ऑक्टोबरला याल तेव्हा दोघांचंही आदल्या रात्रीपासून खाणं-पिणं, शी-शू नीट आहे ना एवढं बघा. ताप असेल, जुलाब असतील तर लस त्या दिवशी देऊ नये, पुढे ढकला. आणि चिप-लसीची तारीख सरकली तर वरचं सगळं तेवढ्याच दिवसांनी सरकवा. तिकिटं रक्ताचा अहवाल हातात आल्यावरच काढा.